डॉक्टर हत्तरग्यांचा डावा हात

"हलू नका, बिरूभाऊ. मांडी ढिली सोडा," डॉक्टर महांतप्पा हत्तरगे अंधारातच म्हणाले.

खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे होते. बाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या विजेवर एक्स-रेचा हिरवट पडदा टेबलावर उजळला होता. त्यात बिरूच्या मांडीचं हाड दिसत होतं, हाडाजवळ रुतलेले चार छर्रे दिसत होते आणि त्यांच्यामधून चाचपडत फिरणाऱ्या डॉक्टरांच्या डाव्या हाताच्या बोटांची हाडं. दोन छर्रे निघाले. तिसरा चिमट्यात आला.

बिरू धनगर होता, सोलापूरच्या सरहद्दीकडच्या गावातला. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा, निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने. त्या बाजूला रोज काहीतरी पेटत होतं. गोळी कुणी झाडली हे मुरुम गावातल्या या दवाखान्यात कुणाला विचारायचं नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. आज विचारलं तर उद्या दुसऱ्या बाजूचा जखमी दाराशी येणार नाही, असं ते म्हणत.

तिसरा छर्रा ताटलीत पडला आणि डॉक्टरांच्या छातीत काहीतरी उलटंपालटं झालं. एक ठोका गळला, मग पाच-सहा ठोके एकमेकांच्या अंगावर कोसळल्यासारखे आले. त्यांनी टेबलाची कड धरली. पायाखालची यंत्राची कळ सुटली, पडदा विझला.

"डॉक्टरसाब!" अजीजाबी पुढं धावली. नऊ वर्षं ती या दवाखान्यात नर्स होती. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतःच कळीवर पाय दिला. पडदा पुन्हा उजळला. "तुमी बसा. येकच राह्यलाय, म्या काढते. रोज बघतेच की."

तिचा हात पडद्याखाली गेला आणि तिच्या बोटांची हाडं डॉक्टरांना दिसली. बारीक, सरळ, निकोप.

"पाय काढ!" डॉक्टर ओरडले. "हात मागं घे आधी!"

नऊ वर्षांत त्यांनी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. अजीजाबीनं पाय काढला. अंधारात नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

पडदे सारल्यावर डॉक्टरांनी उजेडात जखम शिवली. बिरूची बायको नागम्मा दाराशी बसली होती. "समदे निघाले का, साहेब?"

"एक राहिला. राहू दे. त्याच्यावर मांस धरंल. थंडीत ठणकंल जरा, पण चालंल तुमचा माणूस."

"का वो काडला न्हाय?"

"माझ्याच्यानं झालं न्हाय, बाई," डॉक्टर म्हणाले.

नागम्मानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि बिरूच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं.

दुपारी रोगी पांगल्यावर अजीजाबी औषधाच्या खोलीत आली. तिचे डोळे लाल झाले होते. "मला का न्हाय शिकवत? बाई हाय म्हणून? का आता हवा बदलली, म्या मुसलमान म्हणून? तसं असंल तर सांगा. म्या उद्यापासून येत न्हाय."

डॉक्टर डाव्या हाताची पट्टी सोडायला लागले. स्टोव्हनं भाजलंय, असंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

बेचाळीस साली पेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ते यंत्र आणलं, तेव्हा अख्खा गाव बघायला लोटला होता. पडदा स्वच्छ दिसतो की नाही हे बघायला डॉक्टर रोज सकाळी आपलाच डावा हात त्याखाली धरत. शिशाचे जाड हातमोजे सोबत आले होते, पण ते घातले की मोडलेलं हाड बोटांना लागत नसे. पुढं ते फाटले. महायुद्धाचे दिवस, नवे आलेच नाहीत. आधी नखांवर रेघा आल्या, मग कातडी कोरडी पडून चिरायला लागली. मधल्या बोटावरची चीर वर्षभर भरली नव्हती.

अजीजाबीनं ते बोट पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, हे यंत्रानंच झालंय. दोन बोटं काढावी लागतील. काळजाचं मात्र त्यांनाबी सांगता आलं न्हाय. यंत्रानं असंल, न्हाय तर वयानं. त्या खोलीत पाय ठेवू नका, एवढं बजावलं."

"कदी म्हणाले?"

"दिवाळीला."

"आन तवापास्नं तुमी रोज..."

"मी थांबलो तर दुसरं कोण होतं? तुमीच होता." डॉक्टरांनी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली, ती नीट गुंडाळली जाईना. "माझा हात गेला तो गेला. तुमचा त्याच्याखाली घालू?"

अजीजाबीनं पट्टी त्यांच्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीला कुलूप लागलं. व्यापारी येऊन रागावले, एवढं यंत्र धूळ खात ठेवायला आणलं होतं का म्हणाले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मोडलेले हातपाय पुन्हा नुसते चाचपून बसवावे लागले. काही वाकडे बसले आणि त्यांचा दोषही डॉक्टरांच्याच माथी आला.

सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. रस्ते मोकळे झाल्यावर डॉक्टर सोलापूरला जाऊन दोन बोटं काढून आले. नाडी पाहायची सवय डाव्याच हाताची, आणि उरलेल्या बोटांना ती कळत नव्हती. रोगी हात पुढं करी, तो अजीजाबी धरी आणि ठोके मोठ्यानं मोजी. डॉक्टर डोळे मिटून ऐकत.

सोलापूरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांनी लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं डाव्या तळहातावर ठेवलं. ते एका बाजूला घसरायला लागलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं.

विभूती घेऊन आलेल्या चन्नम्मानं ते पाहिलं. नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि आपला तळहात तिनं त्यांच्या तळहाताखाली धरला, बोटं वर मुडपून, जिथं बोटं नव्हती तिथं.

लिंग स्थिर झालं. डॉक्टरांचं मनगट तिच्या मनगटाला लागलं होतं. ठोके धावत येत, मध्येच थांबत, पुन्हा धावत. पूजा संपेपर्यंत तिनं हात हलवला नाही.