झासाहेबांची मातृभाषा

हितनाथ झा यांचं मातृभाषेवर प्रेम बसलं ते २००३ च्या डिसेंबरात. संसदेने मैथिलीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा दिल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि त्यांचा ऊर भरून आला. त्याआधी मातृभाषा त्यांना होतीच, पण तिचा उपयोग काय, ते कळलं नव्हतं.

झासाहेब सातिवलीत प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. राहायला वसईत, पॉलिनबाईंच्या वाडीतल्या दोन खोल्यांत, भाड्याने. कुणी भाषा विचारली तर ते "हिंदी" सांगत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "हिंदीच, जरा गोड." बिहारातल्या मधुबनीकडचा माणूस म्हणून कुणी हिणवू नये, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

हा गोडवा घरात शिरू नये याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती. त्यांच्याकडे बाळाच्या जन्मापासून लग्नापर्यंत बायकांच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. रश्मी जन्मली तेव्हा त्यांच्या बायकोने, शैलबालाने, तिला मांडीवर घेऊन सोहर म्हणायला सुरुवात केली. सोहर म्हणजे बाळ जन्मल्यावर गायचं गाणं. झासाहेबांनी उठून खिडकी लावली. "पोरीला कॉन्व्हेंटात घालायचंय. तिच्याशी हे असलं गावंढळ बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. शैलबाला गप्प बसली. ती गप्प बसली की आपलं पटलं, असा झासाहेबांचा समज होता.

आणि आता हेच झासाहेब 'मिथिला भाषाप्रेमी मंडळा'चे संस्थापक अध्यक्ष झाले. पहिल्याच समारंभाची पत्रकं हिंदीत निघाली. हॉलवरचा फलक इंग्रजीत रंगवला, कारण नगरसेवक येणार होते. अध्यक्षांचं भाषणही हिंदीत लिहून तयार होतं. त्यात 'माँ की बोली' हे शब्द आले की आवाज जरासा कापवायचा, याचीही तालीम झाली होती. प्रमुख पाहुणे म्हणून मधुबनीहून कृत्यानंद मिश्र नावाचे वयोवृद्ध पंडित बोलावले. दुपारचं जेवण झासाहेबांच्या घरी ठरलं. मासळी हवीच, त्याशिवाय मैथिल पाहुणचार कसला.

पंडितजी रिक्षातून उतरले, तेव्हा पॉलिनबाई आणि शैलबाला ओट्यावर मासे साफ करत बसल्या होत्या. शैलबालाने चटकन डोक्यावर पदर ओढला. झासाहेबांनी रश्मीला पुढे केलं. तिने शिकवल्याप्रमाणे पाया पडून प्रणाम केला.

"अहाँक नाम की अछि?" पंडितजींनी कौतुकाने विचारलं.

रश्मीने वडिलांकडे पाहिलं. "पप्पा, नावच विचारतायत ना? आजोबांचं हिंदी थोडं चुकतंय."

पंडितजींनी झासाहेबांकडे पाहिलं आणि मैथिलीतच काहीतरी लांबलचक विचारलं. झासाहेबांना सगळं कळलं. उत्तरासाठी त्यांनी तोंडही उघडलं. पण इतक्या वर्षांत न वापरलेले शब्द त्यांच्या हाकेला ओ देईनात. "जी, वैसे तो..." एवढं बोलून ते थांबले.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "बैसू ने पंडितजी. चाह पीब?" बसा ना, चहा घेणार?

बोलल्या त्या पॉलिनबाई. हातात कोयता, गळ्यात क्रूस.

पंडितजी बसले. बसलेच म्हणायचं. मग हळूच विचारलं, "अहाँ कोन गामक छी?" तुम्ही कुठल्या गावच्या?

"एही गामक," पॉलिनबाई म्हणाल्या. याच गावची.

कुठे शिकलात, असं विचारल्यावर त्यांनी कोपराने शैलबालाकडे इशारा केला आणि पुढचं मराठीत सांगितलं, "हिला घरात बोलायला बंदी. कुणाशी तरी बोलायला नको का माणसाला? ही तिचं बोलायची, मी आमच्या वाडीचं बोलायची. शाळेत बाई आमच्या बोलीलाही हसायच्या, म्हणून आम्हाला एकमेकींची लाज नव्हती. मासे साफ करता करता झालं शिकून."

शैलबाला पदराआड हसली. ती हसते, हे झासाहेबांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आपण खिडकी लावली तरी ओटा उघडाच राहिला होता, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांना राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

संध्याकाळी पंडितजींनी भाषणात सांगितलं की वसईत मैथिली सुखरूप आहे, आणि पॉलिनबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यामागून 'माँ की बोली' म्हणताना अध्यक्षांचा आवाज कापला. या वेळी तो मनाविरुद्ध कापला.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांना त्यांनी माहिती दिली, "मंडळाच्या कार्यामुळे स्थानिक ख्रिस्ती महिलाही मैथिली शिकल्या आहेत." मंडळाचं कार्य तेव्हा एक दिवसाचं होतं.

पुढे सदस्यांच्या आग्रहाखातर पॉलिनबाईंना उपाध्यक्ष करावं लागलं. त्यांनी एकच अट घातली: सभा आपल्या ओट्यावर आणि मैथिलीतच. रश्मी कोपऱ्यात बसून आईला शब्द विचारते आणि अभ्यासाच्या वहीत उतरवते. शैलबाला गाते, बाकीचे भांडतात, आणि सगळ्यांत कमी बोलतात ते संस्थापक अध्यक्ष. एखादं वाक्य जुळवून बोललेच, तर पॉलिनबाई ते प्रेमाने दुरुस्त करतात.