कापरं अक्षर

चिझुरुने सातवा कागद काचेच्या कपाटाला चिकटवला आणि चार पावलं मागे सरून, मान वाकडी करून पाहिलं. सातही कागदांवर ओळ एकच : ‘वसंताचा योमोगी मोची सुरू झाला.’ योमोगी मोची म्हणजे रानातला हिरवा पाला घालून केलेली तांदळाची मऊ मिठाई, दुकानाची वसंतातली खासियत. अक्षरांची वळणं मात्र सात. एक गोलमटोल, एक मोडक्या खडूने लिहिल्यासारखं, एक उड्या मारणारं. सगळी कॉम्प्युटरवरची, हाताने लिहिल्याचा आव आणणारी.

“ठरलं का गं?” आतून, वाफेच्या पेट्यांपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने, युताकाने विचारलं.

“‘उनाड मांजर’ हे वळण गोड आहे. पण खोक्यावर लावलं तर लोकांना वाटेल, आत मांजराचं खाणं आहे.”

“मग दुसरं घे. बाबा यायच्या आत सगळं उतरव म्हणजे झालं.”

तेच तर होतं. छापखान्यातल्या मिझोगुचीला पाचच्या आत कळवायचं होतं, आणि सासऱ्यांना ज्येष्ठांच्या केंद्रातून घेऊन येणारी गाडी चारला यायची. चारपर्यंतचा तासभर तिचा. एकदा का खोक्यांवर अन् काचेत विकतचं अक्षर लागलं, की या दुकानात सासरे पुन्हा कधी लिहिणार नाहीत यावर शिक्का बसणार होता. तो शिक्का आपल्या हाताने मारायचा, याचं तिला सकाळपासून रडू येत होतं.

चाळीस वर्षं ‘योनेया’ या त्यांच्या दुकानाच्या काचेतला कागद सासऱ्यांनी, तोमेकिचींनी लिहिला होता. रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असेनात का, म्हाताऱ्याचा कागद लागला की गल्लीतल्या बायका हिवाळ्याची पांघरुणं धुवायला काढत. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. सावरले, चालायला लागले, बोलणंही आलं. पण उजवा हात कापायला लागला तो लागलाच. तेव्हापासून तो हात जाकिटाच्या खिशात असे.

कुणी काही विचारलं नाही. समोरच्याला अवघडायला नको म्हणून न विचारणं, ही त्या घराची जुनीच सवय. चिझुरुने शाई उगाळायची सहाण आणि कुंचले कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवून दिले. गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या सरळसोट अक्षरांत कागद छापला. समोरच्या निवृत्त शिक्षिका, ओकुमुराबाई, सायकल थांबवून तो पूर्ण वाचून आत आल्या आणि म्हणाल्या, “मग मोची कधीपासून?”

यंदा म्हणून हे हसरं-खेळकर अक्षर शोधणं.

दाराची घंटी वाजली. तीनच वाजत होते. दारात सासरे, मागे हात हलवून निघून जाणारी केंद्राची गाडी.

“व्यायामवाल्या बाई आजारी. लवकर हाकललं,” ते म्हणाले, आणि त्यांची नजर कपाटाकडे गेली.

चिझुरुला काय करावं सुचेना. तिने एक कागद ओढून काढला, तो अर्धा फाटला.

“असू दे, असू दे. बघू तरी.”

बूट न काढताच ते कपाटापाशी गेले आणि नाक काचेला टेकेल इतके वाकले. आत युताकाने वाफेच्या पेटीचं झाकण हातात धरून ठेवलेलं, खाली ठेवायचंच विसरला.

“हा खोटारडा आहे,” तोमेकिची पहिल्या कागदापाशी म्हणाले. “चांगला घोडा झालाय आणि लहान पोराचं सोंग करतोय.”

चिझुरुला हसू फुटलं. दाबलं तरी फुटलंच.

“हे दुसरं? या बाई घाईत आहेत. चहाचं आधण ठेवून आल्यात. आणि हा बघ, ओळीत तीन वेळा ‘नो’ हे अक्षर लिहिलंय, तिन्ही अगदी एकसारखी. असं कुणी लिहितं का? दुसरा लिहिताना माणूस पहिल्यापेक्षा थोडा दमलेला असतो.”

“यंत्राचं आहे ना ते बाबा.”

“हं.”

ते एकेक पाऊल सरकत शेवटच्या कागदापाशी आले. त्या वळणाचं नाव ‘डुलकी’. त्यातली प्रत्येक रेघ थरथरत गेलेली. चिझुरु मनात म्हणाली, हाच का लावला मी, हाच का.

सासऱ्यांनी डाव्या हाताचं बोट त्या रेघांवरून फिरवलं.

“याचा हात कापतोय,” शेवटी ते म्हणाले.

“नाही बाबा, तो... मुद्दाम कापवलाय.”

“मुद्दाम?”

“तरुण पोरांना आवडतं. गोड वाटतं म्हणे. जीव लावून लिहिल्यासारखं.”

“आणि हे विकत मिळतं?”

“हो.”

“म्हणजे कापायचे पैसे?”

“हो,” ती एवढुशा आवाजात म्हणाली.

तोमेकिचींनी खाली, आपल्या जाकिटाच्या खिशाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून ती पुढे झाली, तर म्हातारा हसत होता.

“अगं, मग मी दोन वर्षं हा फुकट खिशात घालून फिरतोय की!”

हसता हसताच ते स्टुलावर बसले. हसू ओसरलं तसं म्हणाले, “माझी सहाण कुठे आहे?”

“वरच्या फळीवर. तुमच्या डोळ्यांसमोर राहिली तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मीच...”

“मला वाटलं, या हाताची तुम्हाला लाज वाटते. म्हणून लपवलीत.”

“बाबा!”  चिझुरुने रडू सकाळपासून अडवून धरलं होतं, ते तिथेच, कपाटाशी उभ्या उभ्या सांडलं. “एकदा विचारायचं ना हो!”

“तू तरी कुठे विचारलंस?”

आत झाकण खाली ठेवल्याचा आवाज झाला. पिठाने भरलेले हात तसेच घेऊन युताका आला, दुसऱ्या स्टुलावर चढला आणि फळीवरचं बोचकं खाली काढलं. कापडावर त्याच्या दहाही बोटांचे पांढरे ठसे उमटले.

शाई चिझुरुने उगाळली. पहिला कागद बिघडला. दुसऱ्यावर शाईचा डाग पडला आणि तोमेकिची स्वतःवरच खेकसले. तिसऱ्या वेळी चिझुरुने फक्त कागदाची वरची कड दाबून धरली, हाताला हात लावला नाही. कुंचला थरथरत उतरला, थरथरत चालला. पहिला ‘नो’ ताठ होता, दुसरा वाकला, तिसरा चक्क टेकायला बसला. ओळ शेवटाकडे उताराला लागली. लिहून झालं तेव्हा म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता.

“वाईट आहे,” ते म्हणाले.

“वाईटच आहे,” युताका म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसता पुसता कपाळाला पीठ लावून बसला.

चिझुरुने फोटो काढून छापखान्यात पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. हात शाईने माखलेले, म्हणून तिने तो गल्ल्यापाशी ठेवून आवाज मोठा केला.

“वहिनी, मिळाला फोटो,” मिझोगुची म्हणाला. “झकास आहे. फक्त रेघा जरा कापऱ्या आल्यात. कॉम्प्युटरवर सरळ करून देऊ? दहा मिनिटांचं काम, वेगळे पैसे लावणार नाही.”

 तोमेकिचींचा हात टेबलावर होता. तो खिशाकडे निघाला.

“छे छे, हात लावू नका,” चिझुरु फोनकडे वाकून म्हणाली. “कापायचेच तर पैसे असतात.”

“अं? म्हणजे?”

“म्हणजे जसं आहे तसंच छापा.”

हात अर्ध्या वाटेत थांबला आणि पुन्हा टेबलावर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकुमुराबाईंची सायकल काचेसमोर थांबली. त्यांनी कागद वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. मग आत येऊन, गल्ल्यामागे बसलेल्या तोमेकिचींना वाकून नमस्कार केला.

“सुरू झाला वाटतं.”

“झाला,” ते म्हणाले.

“सहा द्या.”

चिझुरु पुढे झाली होती, पण सासऱ्यांनी खोकं आधीच उजव्या हातात घेतलं होतं. कागदी खोकं हेलकावत, थरथरत गल्ल्यावरून पुढे निघालं. ओकुमुराबाईंना काही घाई नव्हती. दोन्ही हात पुढे करून, ते आपल्यापर्यंत पोहोचेतोवर त्या उभ्या राहिल्या.