तिसऱ्या मजल्यावरचा नग

टेपताईने फितीचं एक टोक दाराच्या चौकटीला दाबून धरलं, दुसरं पलीकडे नेलं आणि आकडा हातावर लिहिला. चौतीस इंच. मग दाराची मूठ किती पुढे येते तेही तिने मोजलं आणि चौतिसातून अडीच वजा केले.

गल्ल्यावरून मालक हे सगळं पाहत होता. बार नुकताच उघडला होता आणि दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आत यायचं सोडून दारच मोजत बसलं होतं.

“काय आणताय?” शेवटी त्याने विचारलं. “फ्रीज असेल तर मी मागवलेला नाही.”

“काका,” टेपताई म्हणाली. “रविवारी चारनंतर. सात जणांचं टेबल लागेल. खुर्च्या सहा.”

“माणसं सात आणि खुर्च्या सहा?”

“एक जण स्वतःची घेऊन येणार आहेत.”

मालकाने वहीत तसंच लिहून घेतलं. बार चालवणाऱ्या माणसाला फार प्रश्न विचारून चालत नाही.

बारला नाव होतं, पण पाटीवरची निम्मी अक्षरं गळून पडल्यापासून सगळे त्याला ‘कोपरा’ म्हणत. सामान हलवणाऱ्या टोळीचा इथला रिवाज ठरलेला होता. रविवारी आठवड्याची कामं संपली की खिडकीजवळचं लांब टेबल, प्रत्येकी एक ग्लास बिअर, खारे दाणे, आणि टेबलाच्या टोकाला उस्ताद. उस्ताद म्हणजे टेपताईचे काका. तीस वर्षं त्यांनी या भागातली कपाटं, पलंग, तिजोऱ्या आणि एकूण एकवीस पियानो जिन्यांवरून वरखाली केले होते, आणि आठ महिन्यांपूर्वी घरातल्या पायपुसण्यावरून घसरून खुबा मोडून घेतला होता. पायपुसणं त्याच दिवशी टाकून द्यायचं ठरलं. टोळीतले चौघे ते चार कोपऱ्यांना धरून, पायऱ्या मोजत, खाली घेऊन गेले.

तेव्हापासून उस्ताद तिसऱ्या मजल्यावरच होते. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि त्यांना उचलून खाली न्यायची गोष्ट कुणी काढली की ते खिडकीबाहेर बघू लागत. इकडे कोपऱ्यातलं टेबलही रिकामंच राहिलं. टोळी टेपताई चालवत होती. म्हणजे कामं ती घ्यायची, जिने ती मोजायची आणि हाकही तीच द्यायची. ओझं धरलेल्याला पाय टाकायचा कुठे ते दिसत नाही, त्याला हाक देणाऱ्याच्या डोळ्यांनी चालावं लागतं. म्हणून हाक एकाचीच, मध्ये दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा उस्तादांचा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक होता: प्यायलेल्याने उचलायचं नाही आणि प्यायलेल्याची हाक ऐकायची नाही. घोटभर घेतली असली तरी.

पण अवघड वळण आलं की चौघांपैकी कुणीतरी कपाट जिन्यातच टेकवून उस्तादांना फोन लावायचा, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत टेपताई कपाटाला धरून उभी राहायची. टोळीचा मुकादम कोण, हे आठ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. विचारलंच तर ‘सध्या टेपताई बघते’ असं उत्तर यायचं. तो ‘सध्या’ तिला दातात अडकलेल्या दोऱ्यासारखा छळत होता. तो काढू शकणारा माणूस एकच होता, आणि तो कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता. सामान जागेवर पोचलं की उस्ताद त्यावरून हात फिरवत आणि म्हणत, ‘ओरखडा नाही.’ याहून मोठी शाबासकी तीस वर्षांत कुणाच्या वाट्याला आली नव्हती. टोळीतल्या ‘डॉक्टर’ म्हणवणाऱ्या गड्याच्या लग्नात स्टेजवर जाऊनही ते एवढंच म्हणाले होते.

सोमवारी टेम्पोच्या फळीवर बसून नगाची चिठ्ठी भरली गेली. प्रत्येक कामाला अशी चिठ्ठी असायची: नग, वजन, नाजूक आहे का, कुठून, कुठे. नग, काका. कुठून, तिसरा मजला. कुठे, कोपरा, खिडकीचं टेबल. वजनावर मात्र अर्धा तास गेला. पियानो नावाच्या गड्याने एकदा एकट्याने पियानो उचलला होता आणि त्यानंतर दुसऱ्या विषयावर बोलणं सोडून दिलं होतं. तो म्हणाला, उस्ताद पियानोच्या चौथ्या हिश्शाने भरतील. डॉक्टरने पाठीच्या मणक्यांवरचं एक पुस्तक अर्धं वाचलं होतं. त्याचं म्हणणं, माणूस बसून राहिला की हाडं हलकी होतात, पण स्वभाव जड होतो, तेव्हा हिशेब तोच. टोळीतले दोन साडू एका पावलाने चालायचे आणि एका तोंडाने बोलायचे. ते म्हणाले, साठ किलो. ‘नाजूक’च्या रकान्यापाशी मात्र कुणी लिहायला धजेना. पेन चार हातांतून फिरून टेपताईकडे परत आलं. तिने तो रकाना कोरा ठेवला.

मंगळवारी ती चिठ्ठी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. काकूने दार उघडलं आणि तिच्या हातातला कागद पाहिला.

“आलीस होय ह्यांना न्यायला?” काकू म्हणाली. “ने बाई. पावती तेवढी देऊन जा.”

काका हातांच्या लाकडी खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही तितक्याच लक्षपूर्वक पाहिली. टेपताईने एका दमात सांगून टाकलं की दार मोजलंय, जिना मोजलाय, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट सात इंच पुढे आलंय पण ते सरकवायला ते कबूल आहेत, आणि न्यायचं ते खुर्चीसकट, चार पट्टे लावून. बोलताना तिने फीत सतत उघडबंद केली. आज ते नाही म्हणाले असते तर पुन्हा विचारायला कुणी वर आलं नसतं. तीही नाही.

काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी पेन मागितलं आणि ‘नाजूक’पुढे ‘नाही’ असं लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

“हाक माझी,” ते म्हणाले.

“तुम्ही खुर्चीत असणार, काका.”

“खुर्चीतून देईन.”

आजवर कुठल्याही कपाटाने आपली हाक आपण दिल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. पण ती ‘बरं’ म्हणाली. खाली जाताना तिने पायऱ्या पुन्हा एकदा मोजल्या. त्या तेवढ्याच होत्या. टोळीला तिने हाकेचं सांगितलं तेव्हा चौघांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव दिसला, तो तिने न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. गुडघ्यांवर कांबळं टाकू दिलं नाही. कांबळं सामानाला, म्हणाले. पट्टे बांधून झाल्यावर त्यांनी ते स्वतः ओढून पाहिले आणि एक गाठ कुणाची म्हणून विचारलं. साडूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. गाठ पुन्हा बांधली गेली.

“उचल,” काका म्हणाले, आणि काका उचलले गेले.

पहिला जिना झकास उतरला. दारं उघडून शेजारी बाहेर आले. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, मग प्रसंग तो नव्हे हे ध्यानात येऊन पुन्हा घातली. काकू सगळ्यांच्या पुढे चालत होती आणि दारादारात सांगत होती, आमचेच आहेत. काका पाठ ताठ करून बसले होते. चौघांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण तोरा असा की बाविसावा पियानो निघाला आहे. टेपताई सगळ्यांच्या मागे होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, गप्प.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका म्हणाले, “उजवं घे. अजून. अजून.”

पुढचं त्यांना सगळं दिसत होतं, पण मागचं दिसत नव्हतं. खुर्चीच्या पाठीचा कोपरा कठड्याच्या लोखंडी टोकाकडे सरकत होता, आणि ते एकट्या टेपताईला दिसत होतं. ‘थांब’ तिच्या ओठांपर्यंत आलं. हाक एकाचीच. तिने शब्द गिळला आणि हात मध्ये घातला. लोखंड बोटांच्या पेरांवरून खरवडत गेलं आणि खुर्ची जराशी अडली.

“मागे काय झालं?”

“काही नाही. चला.”

काकांनी मान वळवून पाहिलं, पण खुर्चीच्या पाठीपलीकडचं दिसलं नाही. मग आधीपेक्षा हलक्या आवाजात म्हणाले, “डावं.”

जिने संपले, आणि रस्त्यावरून तशीच उचलून नेलेली खुर्ची ‘कोपरा’ बारच्या दारातून दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं जागा सोडून आत गेली. मालक गल्ल्यामागे उठून उभा राहिला. टेबलाच्या टोकाला खुर्ची टेकली, पट्टे सुटले, आणि सगळे वाट बघत थांबले. काकांनी खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. मग हात मागे नेऊन पाठीचा कोपरा चाचपला आणि बोटांना लागलेलं रक्त पाहिलं.

“हात दाखव,” ते टेपताईला म्हणाले.

रुमालात गुंडाळलेला हात तिने टेबलाखाली नेला होता. तो वर आणावा लागला.

“ओरखडा आहे,” काका म्हणाले.

हे वाक्य टोळीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. पियानोने मान खाली घातली. साडू पहिल्यांदाच वेगवेगळ्या दिशांना बघू लागले. तेवढ्यात वेटर सात ग्लास घेऊन आला. पियानोने ते आत शिरता शिरताच सांगून ठेवले होते. आठ महिन्यांनी आपला ग्लास उचलून त्याने डोळे मिटले.

“ठेव,” टेपताई म्हणाली.

“का?”

“यांना परत वर कोण नेणार?”

चौघांचे हात ग्लासांवरून मागे आले. सामान पोचवायचं आणि निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत हजारो नग गेले होते, एकही परत आला नव्हता. डॉक्टरने खिशातून चिठ्ठी काढली, ‘कुठून’ आणि ‘कुठे’ पुन्हा वाचलं, आणि मागे काही असेल म्हणून उलटी केली.

“मागे काही नाही,” काका म्हणाले. “मंगळवारीच बघितलं मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललात, उस्ताद?”

“चिठ्ठी माझी नव्हती.”

टेपताईने पाच लिंबूसोडे सांगितले. चौघांनी आपापले ग्लास टेबलाच्या मध्यावर सरकवले, सावकाश, तळाला हात लावून, काचेचं कपाट सरकवावं तसे. एक थेंब सांडला नाही. मालक लगबगीने आला आणि बिअरमध्ये काही बिघाड आहे का म्हणून विचारू लागला. पियानोने छाती पुढे काढून त्याला सांगितलं की आम्ही कामावर आहोत. काकूने मात्र आपल्या ग्लासाला कुणाला हात लावू दिला नाही. मी माझ्या पायांनी जाणार आहे, ती म्हणाली, आणि दाण्यांची बशी जवळ घेतली.

सोडे आले. बारमध्ये सोडा पिणारी ती पाच माणसं काकांनी एकेक करून पाहिली. शेवटी त्यांची नजर रुमालातल्या हातावर थांबली. मग त्यांनी आपला बिअरचा ग्लास जवळ ओढला.

“उस्ताद,” डॉक्टर घाईघाईने म्हणाला, “जिना आहे अजून. तुमची हाक…”

“जिना मला माहीत आहे.”

त्यांनी अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि मिशीवरचा फेस पुसला.

“बसल्या जागेवरून मागचं दिसत नाही,” ते ग्लासाला सांगितल्यासारखं म्हणाले.

चार माना एकाच वेळी वळल्या, काकांकडून टेपताईकडे.

“टेपताई,” पियानोने विचारलं, “किती वाजता उचलायचं?”

तिने दाराकडे पाहिलं, फीत चाचपली, आणि ती न काढताच हात परत टेबलावर ठेवला.

“आधी खाऊन घ्या,” ती म्हणाली. “उजेड आहे तोवर निघू. आणि वळणावरच्या कठड्याला कांबळं बांधायचं, मगच उचलायचं.”

कुणी फोन काढला नाही.

काकांनी ग्लास रिकामा केला. तीस वर्षांत त्यांनी एकावर दुसरा कधी घेतला नव्हता. आता मात्र त्यांनी हात लांब केला आणि पियानोने सरकवलेला भरलेला ग्लासही आपल्यापुढे ओढून घेतला. कुणाच्या मनात शंका राहायला नको.