स्टेअरिंगवरची टोपी

रोंडा बाहेर आली तेव्हा ट्रक जागेवर नव्हता.

आधी तिला वाटलं, आपणच चुकीच्या दारानं बाहेर पडलो. ती दुकानाला वळसा घालून आली. डिझेलच्या ज्या पंपापाशी त्यांचा निळा ट्रक उभा होता, तिथं आता गुरं नेणारा एक दुसराच ट्रक लागत होता. ती झोपेच्या पायजम्यात, पायात सपाता, ओले हात तसेच धरून उभी राहिली. दिवस चांगला वर आला होता, पण वायोमिंगच्या वाऱ्याला ऊन-सावली सारखीच. अंगातली ऊब तो काढून नेतोच.

"मी टोपी ठेवली होती," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

जोडीनं ट्रक चालवणाऱ्यांचा हा साधा नियम आहे. एक जण चालवतो, दुसरा मागं पडद्याआड बर्थवर झोपतो. गाडी थांबली असताना झोपलेला माणूस मध्येच उठून मोरीला गेला, तर चालवणाऱ्याला कळायचं कसं? तो आपला पडदा ओढलेला बघतो आणि निघतो. म्हणून उतरणाऱ्यानं स्टेअरिंगवर काहीतरी ठेवून जायचं. कुणी बूट ठेवतं, कुणी पाकीट. मर्ल आणि रोंडाची एक लाल टोपी होती, कपाळाशी घामानं काळी पडलेली. लग्नातली अंगठी रोंडानं एकदा हरवली होती, टोपी मात्र कधी नाही.

बायकोला वाटेत विसरून गेलेल्या नवऱ्यांचे किस्से ट्रकवाल्यांच्या प्रत्येक टेबलावर चालतात. मर्लचा आवडता किस्सा टल्सापर्यंत एकटाच पोचलेल्या एका माणसाचा होता. बायको कुठंय विचारल्यावर तो म्हणे, "तरीच, आज प्रवास फार सुखाचा झाला." हे सांगताना मर्ल स्वतःच आधी हसायचा. रोंडाही हसायची, कारण मर्ल असला नवरा नव्हता.

पण गेले काही महिने तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. डिझेल भरून झाल्यावर मर्ल पुन्हा विचारायचा, भरलं का. ओमाहाचा रस्ता त्याच्या तळहातावर होता, तिथं एकदा तो भलत्याच फाट्याला वळला आणि रस्त्यालाच दोष देत खेकसला. वय झालं, असं रोंडानं स्वतःला समजावलं. तरी बर्थवर तिची झोप उडाली होती ती उडालीच. मागं झोपलेल्या माणसाला गाडी पाठीनं कळते. चाकं कडेच्या खडबडीत पट्टीवर जरा घासली की ती, झोपेत खाली पडू नये म्हणून बांधलेल्या जाळीच्या पट्ट्यात, उठून बसायची आणि पडद्यातून मर्लची मान बघायची. मान ताठ असायची, म्हणजे तो पेंगत नव्हता. त्यानं तिला आणखीच भीती वाटायची.

त्यात कंपनीनं विचारलं होतं, जोडीनं राहता की सोलो घेता? जोडीला लांबचे माल मिळतील, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. सोलो घेतलंत तर दोघांना दोन ट्रक आणि जवळच्या फेऱ्या. शुक्रवारपर्यंत सांगा. मर्लचं ठरलेलं होतं.

"इतकी वर्षं एका अंथरुणात आलटूनपालटून झोपलो," तो म्हणाला होता. "तू उठलीस की मी तुझ्या उबेत शिरतो. तुझ्याबरोबर कुठं झोपतो? सोलो घेऊ. रविवारी बायको भेटल्यासारखी भेटशील तरी."

इतकं गोड तो क्वचितच बोलायचा. त्यामुळे रोंडाला नाही म्हणणं आणखी अवघड झालं. एकटा असताना तुझ्या मानेकडं कोण बघेल, हे नवऱ्याला कसं विचारायचं?

तिचा फोन ट्रकमध्येच चार्जिंगला होता. दुकानातल्या नेल नावाच्या बाईनं आपला फोन दिला. तिनं मर्लचा नंबर लावला, त्यानं लगेच उचलला.

"जरा हळू बोला," तो म्हणाला. "बायको मागं झोपलीये."

"मर्ल, मी बोलतेय. रोंडा."

मग तो हसला, परक्या माणसाशी हसतात तसा, अदबीनं. "नंबर चुकलाय तुमचा, बाई. रोंडा इथं माझ्या पाठीशी आहे. रात्रभर तिनं चालवलीये. उठवत नाही मी तिला."

मागं बघ, असं ओरडायला तिचं तोंड उघडलं होतं. पण ट्रेलरमध्ये बटाट्याचे वेफर्स होते, म्हणजे नुसती हवाच. पुढचा डोंगराखालचा पट्टा असा की भरलेला ट्रकही वारा ढकलून नेतो. तिथं मर्लनं मान वळवली, पडदा सारला आणि रिकामी बर्थ पाहिली, तर त्याचे हात काय करतील ते तिला स्वच्छ दिसलं. तिनं तोंड मिटलं. मग आवाज कोरडा केला.

"मी डिस्पॅचमधून बोलतेय. ट्रिशच्या जागी आज मी आहे."

"हां, बोला." त्याचा आवाज लगेच सरळ झाला. बायकोचं न ऐकणारे ट्रकवाले ढिगानं आहेत, पण कुठली गाडी कुठं जायची ते ठरवणाऱ्या डिस्पॅचचा हुकूम मर्लनं उभ्या आयुष्यात मोडला नव्हता.

"पुढं वारा वाढलाय. हलक्या गाड्या थांबवायच्यात. पहिला विसावा येईल तिथं आत घ्या, ब्रेक लावा, किल्ली काढा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"बायकोला उठवू का?"

"नको. झोपू द्या."

"बरं." वर तो म्हणाला, "आवाज आमच्या हिच्यासारखा आहे तुमचा."

रोंडानं फोन कानाला घट्ट दाबून धरला. ती काही ना काही विचारत राहिली, टायर ठीक आहेत का, पाऊस दिसतोय का. शेवटी हवेच्या ब्रेकचा फुसकारा ऐकू आला. मग तिला तिथल्या तिथं चिप्सच्या खोक्यांवर बसावं लागलं.

नेलनं दुकान दुसऱ्यावर सोपवलं, स्वतःचं जाकीट रोंडाच्या खांद्यावर टाकलं आणि पिकअप काढली. ती काही विचारत नव्हती, त्याबद्दल रोंडा तिला मनोमन दुवा देत होती. वाटेत रस्त्याखाली एक ट्रेलर आडवा पडलेला होता. त्याला जोडलेला पुढचा ट्रक दिसेपर्यंत रोंडा काचेला नाक लावून बघत राहिली. तो हिरवा होता. दुसऱ्या कुणाचा तरी ट्रक पडलाय याचा आपल्याला आनंद झाला, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मर्ल ट्रकच्या पायरीवर बसला होता. लाल टोपी त्याच्या डोक्यावर होती.

त्यानं रोंडाकडं पाहिलं, पिकअपकडं पाहिलं, तिच्या सपातांकडं पाहिलं. मग टोपी काढून ती हातात फिरवत राहिला.

"ही स्टेअरिंगवर होती?"

"हो."

"मला वाटलं, माझीच आहे. म्हणून घातली."

"तुझीच आहे, मर्ल."

"सगळ्या वाटेत बोलत होतो मी तुझ्याशी. हरणं दाखवली. तू उत्तर देत नव्हतीस. म्हटलं, झोपलीये, नाहीतर सोलोवरून रागावलीये." तो खाली वाळूकडं बघत होता. "आणि कुणीतरी बाई फोनवर..." "तूच होतीस ती?"

ती त्याच्या शेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्याचा नव्हे, पण दुसरा कुणी समोर नव्हता. तिनं त्याचा हात हातात घेतला. किल्ली त्यानं मुठीत इतकी आवळली होती की तळव्यावर वळ उठला होता. ती किल्ली मागायची कशी, याचे शब्द रोंडा पिकअपमध्ये बसल्यापासून जुळवत होती. त्यांची गरज पडली नाही. मर्लनं मूठ उघडली.

"ट्रिशला सांग," तो म्हणाला, "सोलो घेतलं. एकच ट्रक, चालवणारी तू. बाजूला बसायला नवरा चालतो का, विचार."

"चालतो."

"विचार तरी. नियम असतो."

घरी जॉप्लिनला परतल्यावर डॉक्टरनं मर्लच्या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. नाव कळल्यानं काही सोपं झालं नाही. कंपनीनं रोंडाला मधल्या राज्यांतल्या फेऱ्या दिल्या आणि मर्ल डावीकडची, चालवणाऱ्याची सीट सोडून उजवीकडं बसू लागला. पहिले काही दिवस तो पायानं नसलेला क्लच दाबत होता. नंतर तेही थांबलं. चांगल्या दिवशी तो टल्साचा किस्सा सांगायचा आणि शेवट रोंडाला सांगावा लागायचा.

मका कापून झाल्यावरच्या दिवसांत, नेब्रास्कात एका दुपारी, ती सुपाचे दोन कप घेऊन ट्रककडं आली. बाजूची सीट रिकामी होती. स्टेअरिंगवर टोपी होती.

म्हणजे हा उतरला. तिनं कप तिथंच पायरीवर ठेवले आणि धावली. पुरुषांच्या स्वच्छतागृहात एका ड्रायव्हरला आत बघायला लावलं. दुकान पाहिलं, पंप पाहिले, उभ्या ट्रकांच्या रांगांमधून त्याला हाका मारत फिरली. पलीकडं हमरस्ता होता आणि गाड्या एका क्षणाचीही उसंत न देता धावत होत्या. कडेच्या गवतात काही लाल दिसतं का, म्हणून ती बघत राहिली आणि मग तिला आठवलं, टोपी तर ट्रकमध्येच आहे.

परत येऊन फोन घ्यायला ती वर चढली, तेव्हा मागं काहीतरी हललं. तिनं पडदा सारला. मर्ल बर्थवर बुटांसकट आडवा होता. सुरक्षेची जाळी त्यानं नीट ओढून, पट्टे लावून घेतले होते. डोळे उघडे होते.

"टोपी कुणी ठेवली?" तिनं विचारलं. तिला धाप लागली होती.

"मी."

"कशाला?"

"मला सोडून जाऊ नकोस म्हणून."

"पण तू तर आतच आहेस, मर्ल."

"आत आहे गं," तो म्हणाला. "तरी ठेवली."

रोंडा पुढं येऊन बसली. पायरीवरचं सूप गार झालं होतं, ते तिनं ओतून दिलं. टोपी उचलून मांडीवर घेतली, पडदा होता तसा उघडाच राहू दिला आणि ब्रेक सोडला.