कालव्याच्या अलीकडून

मी एक जुना ब्रिज कॅमेरा आहे. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, मी पुलांचे फोटो काढत असेन. तसं काही नाही, मित्रांनो. खिशात मावणारे छोटे कॅमेरे आणि लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे यांच्या मधला मी. दिसायला मोठ्यांसारखा, पण माझी लेन्स जन्मापासून माझ्या अंगालाच जोडलेली. ती काही केल्या निघत नाही. त्यामुळे मोठे मला आपल्यात घेत नाहीत आणि छोटे मला बघून बिचकतात. बढाई मारावी असा एकच गुण माझ्यात आहे, तो म्हणजे माझा झूम. कळ फिरवली की माझं नाक असं लांब होतं, की समोरच्या गच्चीवरच्या कावळ्याच्या चोचीत काय आहे तेसुद्धा सांगता येतं.

सध्या माझा मुक्काम एका चष्म्याच्या दुकानात आहे. खालच्या खणात, तुटक्या फ्रेमांच्या डब्याशेजारी. मी बिघडलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग मी इथे कसा आलो, ते ऐका. सांगताना थोडी निंदाही होईल, पण तेवढा हक्क मला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरा डगला घातलेल्या एका माणसाने माझ्याकडून भिंतीवरच्या बारीक रेघांचा फोटो काढून घेतला, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यातली एकमेव परीक्षा मी अशी पास झालो. पुढे कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या काचेमागे काही महिने काढले आणि एक दिवस ताईंनी मला घरी नेलं.

ताई म्हणजे आमच्या चष्मेवाल्याची थोरली बहीण. दुकान दोघांचं. तो पुढे बसून गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो, ताई मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतात. दुकानाची पाटी लावताना तो शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेतला. तीन महिने प्लास्टर. माणूस खिडकीशी बसून सगळ्या जगावर खेकसायला लागला. चहा गरम असला तरी चिडायचा, गार असला तरी चिडायचा. तेव्हा ताईंनी माझं खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घे. पाय हलत नाही ना, मग डोळे तरी हलव."

मित्रांनो, त्या खिडकीतले तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. पाण्याच्या टाकीवरचा घारीचा जोडा, तारेवर ओळीने बसणारे वेडे राघू, समोरच्या कौलांवर भांडणाऱ्या साळुंक्या, सगळं मी त्याला ओढून जवळ आणून दिलं. श्वास रोखून कळ कशी दाबायची, पक्षी उडण्याआधी मान कशी खाली घालतो, हे तो माझ्याबरोबर शिकला. त्याचा पाय बरा झाला, तरी मी गळ्यातून उतरलो नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आम्ही बाहेर पडायचो. गिऱ्हाइकांना चष्म्याआधी माझे फोटो बघावे लागायचे. एक आजोबा तर म्हणाले होते, "अरे, आधी मला दिसू तरी दे, मग पक्षी दाखव." तो हसला आणि त्यांना आणखी दोन दाखवले.

आता खंड्या पक्ष्याचं सांगतो. गावाबाहेरच्या कालव्याच्या पलीकडच्या काठावर, मातीच्या उभ्या भिंतीत, खंड्याने बीळ करून घरटं केलं होतं. आम्ही अलीकडच्या काठावर बसायचो. कालवा चाळीस फूट रुंद. कालव्याच्या दारांवरचा राखणदार भला माणूस होता. त्याने बसायला स्टूल दिलं, वर चहाही पाजला. तेरा सकाळी आम्ही बसलो. शिंक आली तर तो रुमालात तोंड खुपसायचा. पलीकडे जायला पूल होता, पाच मिनिटांची वाट होती, पण तो कधी गेला नाही. तो सभासद असलेल्या छायाचित्र मंडळाचा कडक नियम आहे, की घरट्याजवळ जायचं नाही, कारण माणूस जवळ आला की पक्षी पिल्लांना टाकून जातात. चौदाव्या सकाळी खंड्या मासा घेऊन आला, पिल्लाने बिळातून चोच बाहेर काढली, आणि मासा दोघांच्या चोचीत असतानाच आम्ही तो क्षण टिपला. माझा झूम शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला होता. त्याचा हात जराही हलला नाही.

घरी येऊन त्याने माझ्या पाठीवरच्या पडद्यावर तो फोटो ताईंना दाखवला. ताईंनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, हा तर घास भरवतोय." त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

आणि इथूनच माझे दिवस फिरले.

मंडळाची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. त्या महिन्यात तो मला गळ्यात घालून मोठ्या ऐटीत गेला. तिथे दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे तीन मोठे कॅमेरे आणि लेन्सांची आख्खी बॅग. त्यांनी मला हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाले, "वाढदिवसाला केक कापताना बरा आहे हो." सगळे हसले. चष्मेवालाही हसला. माझं दुःख डॉक्टरांच्या बोलण्याचं नव्हतं, त्याच्या हसण्याचं होतं. खंड्याचा छापलेला फोटो त्याच्या खिशातच होता. तो त्याने बाहेर काढलाच नाही.

तीन आठवड्यांत घरात डीएसएलआर, म्हणजे त्या मोठ्यांपैकी एक, आला. काळा, दांडगा, मानेला ओढ देणारा. त्या बापड्याचा दोष नाही. त्याच्या अंगावर लेन्स बदलता येते, अंधुक उजेडातही त्याला छान दिसतं, मी ते कबूल करतो. पण त्याच्याबरोबर आलेली लेन्स छोटी होती, घरातल्या माणसांचे फोटो काढण्याच्या कामाची. लांबचं ओढणारी लेन्स पुढे कधीतरी घेऊ, असं ठरलं. तरीही नव्याची नवलाई म्हणून तो त्याला घेऊन कालव्यावर गेला. आल्यावर ताईंनी फोटो मागितला. त्यात पाणी होतं, माती होती आणि मधे मोहरीएवढा एक निळा ठिपका. "हा खंड्या," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून." दुसरा फोटो तर नव्हताच. पहिल्याच खटक्याला पक्षी उडाला होता. मी मुक्यानेच काम करायचो, ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मला काउंटरमागच्या फळीवर, काचा पुसायच्या फडक्यांशेजारी जागा मिळाली होती.

मग मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा फॉर्म आला. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्याने खंड्याचा फोटो मोठा छापून आणला होता. तो फॉर्म भरू लागला. नाव, पत्ता, फोटोचा विषय. पुढची ओळ होती कॅमेरा आणि लेन्स. पेन थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं नीट नाव वाचायला बघतोय. मग त्याने मान खाली घातली आणि नव्या कॅमेऱ्याचं नाव लिहिलं. पुढे त्याची लेन्सही लिहिली. खंड्या टिपला गेला तेव्हा तो कॅमेरा या घरात नव्हता. तरी पण फॉर्मवर तो आणि फडक्यांशेजारी मी.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. तो प्रमाणपत्र घेऊन आला, ताईंच्या पाया पडला. मी फळीवरून सगळं बघत होतो. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षबाई दुकानात आल्या. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. डॉक्टरही बरोबर होते. बाईंनी पर्समधून चिठोरं काढलं आणि काउंटरवर पसरलं.

"खंड्याची लांबी साधारण एवढी," त्या म्हणाल्या. "फोटोत तो एवढा मोठा दिसतोय. तुमच्या लेन्सने एवढा मोठा यायचा तर तीन फुटांच्या आत जायला हवं. मी दोनदा गणित केलं."

त्याचा चेहरा उतरला. मोठ्या कॅमेऱ्याचं नाव लिहिलं की मान वाढेल, एवढंच त्याने बघितलं होतं. त्या लेन्सने चाळीस फुटांवरचा खंड्या दिसतच नाही, हे लिहिताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दोनच गोष्टी असू शकतात," बाई म्हणाल्या. "एक तर तुम्ही घरट्याला जाऊन भिडलात. तसं असेल तर फोटो भिंतीवरून उतरेल आणि दोन वर्षं तुम्हाला प्रदर्शन बंद. नाहीतर फॉर्म चुकीचा भरलाय. तसं असेल तर मूळ फाइल दाखवा. कॅमेरा कुठला, झूम किती, सगळं त्यात असतं. फॉर्म दुरुस्त करू, विषय संपला."

मित्रांनो, माझी सुटका आणि त्याची सुटका एकाच वाक्यावर येऊन थांबली होती. हात लांब करून मला फळीवरून उचलायचं आणि म्हणायचं, याने काढला. बस. मी तर जणू खाली उतरलोच होतो.

त्याने बाईंकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे पाहिलं. आणि म्हणाला, "गेलो होतो जवळ. चूक झाली. फाइल राहिली नाही, पुसली."

बाई चिठोरं घडी करून निघाल्या. डॉक्टर मात्र जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारून हळूच म्हणाले, "चूक आहे, पण छाती आहे हो तुम्हाला." आणि तो कसनुसा हसला. घरटं मोडणारा म्हणून मिरवणं त्याला चाललं, पण माझ्या नावाची लाज वाटली.

मागच्या खोलीतलं मशीन बंद झालं होतं. ताई दारात उभ्या होत्या.

"मी दिलेला कॅमेरा होता म्हणून लाज वाटली का रे?"

"ताई, तुला नाही कळायचं. तिथे लोक कॅमेरा बघून माणूस ठरवतात."

"आणि तू? तेरा दिवस शिंका दाबत बसलास, ते माणसाने बसलास की कॅमेऱ्याने?"

ताई पुन्हा आत गेल्या, पण मशीन काही लगेच सुरू झालं नाही. मग त्याने दुकानाचा कॉम्प्युटर उघडला आणि मूळ फाइल खरंच पुसून टाकली. बाईंना सांगितलं होतं ना, म्हणून.

पुढच्या वर्षी विणीचा हंगाम आला आणि त्याला राहवेना. एका सकाळी त्याने बॅग भरली. वर नवा कॅमेरा, कुणी विचारलं तर दाखवायला. तळाशी मी, काम करायला. मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आम्ही कालव्यावर पोहोचलो. आता तिथे मंडळाने पाटी लावली होती, घरट्यांजवळ जाऊ नये.

राखणदार समोर आला. स्टूल नाही, चहा नाही.

"चष्मेवाले, एक विचारू? मंडळाची माणसं पाटी लावायला आली, तेव्हा तुमचंच नाव घेत होती. मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, तो माणूस पूल ओलांडायचा नाही, मी रोज बघितलंय. ते म्हणाले, त्याने स्वतःच कबूल केलंय." त्याने अलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. "तुम्ही इथेच बसायचात ना हो? मग कधी गेलात पलीकडे?"

चष्मेवाल्याचा हात बॅगेत गेला. नव्या कॅमेऱ्याच्या खाली आला आणि माझ्यावर येऊन थांबला. त्याने माझी मूठ धरली. तीच पकड, खिडकीतली. इथे डॉक्टर नव्हते, बाई नव्हत्या, हसणारं कुणी नव्हतं. समोर फक्त एक माणूस होता आणि त्याला खरं ऐकायची आस लागली होती.

हात सुटला. चेन ओढली गेली. अंधारातून मला आवाज ऐकू आला, "एक दिवस गेलो होतो. तुम्ही न्याहारीला गेला होतात तेव्हा."

"बरं," राखणदार म्हणाला. त्याची पावलं लांब जाताना मी ऐकली. त्या दिवशी आम्ही एकही फोटो काढला नाही.

तेव्हापासून मी या खणात आहे. ताई महिन्यातून एकदा माझी बॅटरी चार्ज करतात, लेन्सवरून फडकं फिरवतात आणि परत ठेवतात. दोघा भावंडांत आता कामापुरतंच बोलणं होतं.

मित्रांनो, तुम्ही नवा कॅमेरा जरूर घ्या. मोठा घ्या, चांगला घ्या. जुन्याला दमट जागी ठेवू नका, बॅटरी तशीच आत ठेवून विसरू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. पण जुन्याने केलेलं काम नव्याच्या नावावर लिहू नका. त्याने माझं फार काही गेलं नाही. त्याच्या त्या तेरा सकाळी मात्र गेल्या. तो माणूस कालवा ओलांडून कधीच गेला नव्हता. हे खात्रीने सांगू शकणारा आता मी एकटा उरलो आहे, आणि मला कुणी विचारत नाही.