आमचीच फाइल, आम्हालाच विकत?

मी लाकडी मुठीचा शिक्का बोलतोय. सध्या मुक्काम परवाना कार्यालयाच्या खणात, गंजलेल्या टाचण्यांच्या शेजारी. माझ्या रबरावर दोनच शब्द आहेत, ‘खरी नक्कल’. एके काळी मी उमटल्याशिवाय कोर्ट कागदाला कागद म्हणत नसे. काय रुबाब होता माझा!

माझे कारकूनसाहेब मला शाईच्या गादीवर हलकेच टेकवायचे आणि पानावर ठाम दाबायचे. त्या जांभळ्या शाईचा वास आठवला की अजून जीव हळवा होतो.

एकदा पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या. जागा अपुरी म्हणून कार्यालयानं त्यांचा परवाना रद्द केला होता. बाईंनी कोर्टात दाद मागितली, तर कोर्ट म्हणालं, कार्यालयाची अख्खी फाइल प्रमाणित करून सोमवारपर्यंत आणा, नाहीतर अर्ज फेटाळू. म्हणजे पाळणाघराला कायमचं कुलूप. फाइल जाडजूड आणि फी दर पानाला.

“आमचीच फाइल, आम्हालाच विकत?” आजी म्हणाल्या.

सुनेनं मग आपल्या बाजूची तेवढीच पानं मागितली.

“तसं नका करू, ताई,” कारकून म्हणाले. “अर्धी फाइल कोर्ट घेत नाही. आपल्याविरुद्धची पानंही घ्यावी लागतात.”

बाईंचा चेहरा उतरला. परवाना गेल्यापासून घरात कमाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी रांग लागली. पाळणाघरातल्या मुलांचे आईबाप आले होते. बसचालकानं काही पानांची फी भरली, परिचारिकेनं काही, शिंप्यानं काही. थेंबे थेंबे तळे साचले. आजी टेबलाला खेटून बसल्या होत्या. एका पानाची कोरी पाठ आली, तशी कारकून शिक्का न मारताच ती उलटू लागले. “पैसे घेतलेत ना? मारा की,” आजी म्हणाल्या. त्यांनी कोऱ्या पाठीवरही मला उमटवलं.

अख्खी फाइल सोमवारी कोर्टात पोचली आणि परवाना परत मिळाला. आजी पुन्हा आल्या, एका चिमुरडीनं काढलेलं चित्र घेऊन. पाळणाघराचं उघडं दार होतं त्यात. यावरही शिक्का हवा म्हणाल्या. कारकून हसले. अस्सलावर शिक्का बसत नाही, नकलेवरच बसतो, असं त्यांनी समजावलं.

“मग काढा नक्कल,” आजींनी एका पानाची फी पुढे केली. “नक्कल आम्ही नेतो. अस्सल तुमच्या फाइलीत राहू दे.”

आता कारकूनसाहेब निवृत्त झालेत, शिक्का यंत्रच छापतं, आणि माझं रबर कडक झालंय. पण ते चित्र अजून त्याच फाइलीत आहे. कधी कुणी ती अख्खी मागवलीत, तर त्या पानाच्या फीवरून कुरकुर करू नका. आणि तेवढ्या एका पानापुरतं मला खणातून बाहेर काढा.