आबाजी, वीसच सांगा

मी कर्जतच्या मुनसफ कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा बोलतोय. 'ईश्वराला स्मरून खरं सांगेन' हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे, की माझ्यावर पाळी आली तर शिपायाला ते मला म्हणून दाखवावं लागणार नाही. तेव्हा माझी शपथ झाली असं समजा. मला वकिलांविषयी बोलायचं आहे, आणि मी फार वैतागलेलो आहे.

माझा जन्म माथेरानच्या पायथ्याचा. नेरळच्या बाजूला एका उतारावर मी साग होऊन उभा होतो. १८७०च्या सुमाराला मला तोडलं आणि मोरू सुतारानं माझा पिंजरा केला. तीन बाजूंना कठडा, मागून चढायला पायरी. मोरू ताडमाड माणूस. कठड्याची उंची त्यानं स्वतःच्या छातीला लावून ठरवली. साक्ष द्यायला येणारी माणसं आपल्याएवढी उंच नसतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे पुढे निम्म्या साक्षीदारांची नुसती पागोटीच मुनसफसाहेबांना दिसत राहिली. मोरूला मी केव्हाच माफ केलं. त्यानं निदान माप तरी घेतलं होतं. वकील तेवढंही घेत नाहीत.

माणूस साक्षीला उभा राहिला की आधी माझा पुढचा कठडा घट्ट धरतो. खोटं बोलणाऱ्याच्या हाताला घाम सुटतो असं लोक म्हणतात. साफ चूक. सरावलेल्या लबाडाचा हात कोरडा ठणठणीत असतो. घाम फुटतो तो खऱ्या माणसाला, आणि तोही वकिलानं पढवलेलं आठवेनासं झालं म्हणजे.

आणि हे वकील तरी कसे! एकाचा प्रश्न इतका लांब, की तो संपेपर्यंत साक्षीदार सुरुवात विसरलेला असे आणि बहुधा वकीलही. दुसऱ्याची दप्तराची गाठ पहिल्यांदा सुटायची ती कोर्टातच, आणि मग कागद शोधता शोधता त्याच्या नाकी नऊ यायचे. तिसऱ्यानं एकदा साक्षीदाराकडून हवं ते अगदी नेमकं वदवून घेतलं. आता गप खाली बसावं की नाही? नाही! "मग इतके दिवस तुम्ही गप्प का होतात?" असं त्यानं आणखी एक विचारलं. साक्षीदारानं असं चोख कारण दिलं की त्या वकिलाच्या अशिलाचा दावा तिथंच आडवा झाला. मला हात असते तर मी त्या दिवशी कपाळावर मारून घेतले असते.

पण माझ्या मनात सलतो तो दावा सोनुबाईचा.

सोनुबाई कुंभिवलीची. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. तिची भाताची खाचरं खालच्या अंगाला आणि जयवंताची वरच्या अंगाला. मधल्या बांधाला एक तोंड होतं. वरच्या खाचरातलं पाणी त्या तोंडातून खाली उतरायचं आणि त्याच पाण्यावर तिचं भात पिकायचं. १८८६ साली कुठल्याशा लग्नातल्या मानापानावरून दोन घरांत वाजलं, आणि जयवंतानं वरच्या बाजूनं माती लोटून ते तोंड बुजवलं. सोनुबाईनं दावा लावला. जयवंताचं म्हणणं, तोंड आठदहा वर्षांचंच आहे, शेजारधर्म म्हणून मीच पाडू दिलं होतं. कायदा सांगतो, वीस वर्षं बिनतक्रार पाणी घेतलं असेल तर तो हक्क झाला. म्हणजे प्रश्न एकच होता. तोंड केव्हा पडलं?

सोनुबाईचे वकील त्र्यंबकपंत. माणूस वाईट नव्हता. कायद्याची कलमं तोंडपाठ, उपरणं परीटघडीचं. कुंभिवली कर्जतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. पंत तिकडे एकदाही गेले नाहीत.

साक्षीदार होता आबाजी, सोनुबाईच्या सासऱ्याचा, चांगोचा, सोबती. तारखेच्या दिवशी पंत त्याला माझ्या मागच्या खिडकीखाली घेऊन बसले. मला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"तोंड किती वर्षांचं, आबाजी?"

"पंत, आमी सालं नाय मोजीत. अमक्या वक्ताला तमकं चाललं व्हतं, येवढं म्हाईत असतं. आता बगा, ह्ये तोंड पाडलं तवा—"

"ते राहू द्या. कोर्टाला आकडा लागतो. वीस वर्षं म्हणा. समोरचा वकील कसंही फिरवून विचारील. तुम्ही वीसच सांगा. शब्द द्या."

"दिला," आबाजी म्हणाला.

अहो पंत, तो 'तवा' म्हणाला होता! पुढचं वाक्य ऐकून घ्यायला तुमच्या तोंडातलं पान संपेपर्यंतचाही वेळ लागला नसता. पण नाही.

पुकारा झाला. आबाजी वर आला. त्याचे दोन्ही हात माझ्या कठड्यावर, घामानं थबथबलेले. पंतांनी विचारलं, त्यानं वीस वर्षं सांगितलं, पंत समाधानानं बसले. मग समोरचे वकील उठले. त्यांनी डाव बरोबर ओळखला होता.

"आबाजी, तुमचा थोरला मुलगा केवढा?"

 त्याची बोटं माझ्यावर वळली. तो पंतांकडे बघत होता, पंत छताकडे.

"वीस वर्सं."

"आणि तुमचं वय?"

"वीस वर्सं."

"कर्जतहून कुंभिवली किती कोस?"

"वीस," आबाजी अगदी हळू म्हणाला.

सगळं कोर्ट हसलं. शिपाई हसला, कारकून हसला. त्या माणसाला काही कळत नव्हतं असं नाही हो. त्यानं शब्द दिला होता आणि तो पाळत होता. पण मुनसफसाहेबांनी 'साक्षीदार पढवलेला दिसतो' असं लिहून घेतलं. तेव्हा मागच्या बाकावरून सोनुबाई उभी राहिली.

"सायेब, त्यास्नी साल नका इचारू, त्यास्नी इचारा का—"

"गप गं बाई!" पंत ओरडले. "कोर्टात मध्ये बोलायचं नसतं."

ती बसली. सगळा दावा त्या अर्ध्या वाक्यात होता आणि तिच्याच वकिलानं ते तोडलं.

आबाजीच्या आधी ही गोष्ट कुंभिवलीला पोचली. ज्याच्या सांगण्यावरून गावानं कधी लग्नं जुळवली, वाटण्या केल्या, त्याला पोरं वीसआबा म्हणून हाका मारू लागली. पंत तारखा घेत राहिले. त्यांनी आणखी तीन साक्षीदार आणले आणि तिघेही माझ्यात उभे राहून वीसच म्हणाले. सोनुबाई दर तारखेला पहाटे निघून चालत यायची, बाकावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन परत जायची. असे तीन पावसाळे गेले. तिची खाचरं कोरडी राहिली.

१८८९ साली मुनसफसाहेबच एकदा म्हणाले, "वादी स्वतः साक्ष का देत नाही?"

"बाईमाणूस आहे, साहेब. घाबरून जाईल," पंत म्हणाले.

"येऊ द्या तिला."

सोनुबाई पायरी चढून आत आली आणि मोरूच्या मापापायी कठड्याआड पुरती बुडाली. शिपायानं पाट आणून तिच्या पायाखाली दिला. तिचे हात माझ्यावर आले. खरखरीत होते, पण त्यांना घाम नव्हता.

"तोंड केव्हाचं, बाई?" साहेबांनीच विचारलं.

"सायेब, मी तवा लगीन हून आले नव्हते. मी काय सांगू? पन आबाजीला इचारा, तोंड पाडलं तवा काय चाललं व्हतं. साल नका इचारू."

साहेबांनी आबाजीला पुन्हा उभं केलं. तीन वर्षांत तो वाकला होता. कठड्याला त्यानं नुसती बोटं टेकली.

"आबाजी, आकडा नको. तेव्हा काय चाललं होतं ते सांगा."

"घाटात सुरुंग उडत व्हते, सायेब," आबाजी लगेच म्हणाला. "आगगाडीचं बोगदं फोडीत व्हते. मी आन् चांगो तितं घमेली व्हायला जायचो. तवा बांधाचं तोंड पाडलं. पान्यानं बांध खचाया नको म्हनून उंबऱ्याला येक दगड घाटातनं आनला. ह्या जयवंताच्या बापाच्या गाडीवर घालून आनला. पहार बी त्यानंच धरली. त्या दगडाला सुरुंगाच्या भोकाची अर्धी खाच हाय, अजून हाय!"

साहेब जयवंताकडे वळले. "असा दगड आहे?"

जयवंता खाली मान घालून उभा होता. "हाय, सायेब. लहानपनी त्या खाचंत मी गोट्या खेळलोय. बाच्या गाडीवरनं आला त्ये मला ठावं नव्हतं."

"मग तीन वर्षं हे सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच नाय."

गाडी घाट चढून गेली ते साल त्रेसष्ट, बोगदे त्याच्या आधीचे, दावा शहाऐंशीचा. बोटांवर मोजता येणारा हिशेब. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "पंत, तुम्ही जागा पाहिलीत?"

पंतांनी उपरणं सारखं केलं. "रस्ता फार खराब आहे, साहेब," ते म्हणाले.

दावा सोनुबाईच्या बाजूनं सुटला. तोंड मोकळं करावं, पुन्हा बुजवू नये, असा हुकूमनामा झाला. मला वाटलं, आता तरी जीव थंडावेल. तेवढ्यात खिडकीखालून आवाज आले.

"चल गं, आता लाव तुजं तांबडं भात," आबाजी म्हणत होता.

"कशाचं लावू, आबाजी? सासऱ्याच्या बापापासनं राखलेलं बी. माज्याबिगर गावात कुनाकं नाय. तीन वर्सं कनगीत पडलं. परवा मूठभर भिजवून बगितलं. येक दाना नाय उगवला."

 मी, एरवी कुरकुरणारा, त्या दिवशी कुरकुरलो नाही. मला रडू आलं होतं. पाण्याचा हक्क कोर्टानं दिला, पण ते बी कुठलं कोर्ट देणार?

पुढे माझी पायरी मोडली, एक बाजू वाळवीनं धरली. १९०१ साली नवा पिंजरा आला आणि मला आवारात भिंतीशी टाकून दिलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. वकील जाता-येता माझ्यावर पिंक टाकायचे. सवय कुणाची सुटते?

एक दिवस सोनुबाई हुकूमनाम्याची नक्कल न्यायला आली. केस पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं. शिपायाला म्हणाली, "दादा, ह्या पिंजऱ्याचा पुढचा कठडा न्हिऊ का? बांधाच्या तोंडाला फळी पायजे." शिपायाला आवार साफच करायचं होतं. तिनं कठडा काढून डोक्यावर घेतला आणि ज्या वाटेनं तीन वर्षं हेलपाटे घातले त्याच वाटेनं मला कुंभिवलीला आणलं.

आता मी त्या तोंडात उभा असतो. पाणी अडवायचं तेव्हा मला खाली सारतात, सोडायचं तेव्हा वर ओढतात. माझी खालची कड त्या दगडावर टेकते, सुरुंगाच्या खाचेला लागून. कुणीही बांधावर उकिडवं बसावं आणि बघावं, लपलेलं असं काही नाही. तेव्हाही नव्हतं. जयवंतानं माती लोटली ती वरच्या बाजूनं. खालून दगड उघडाच होता.

आबाजी कधीमधी बांधावर येऊन बसतो. सोनुबाईच्या नातवंडांनी वय विचारलं की तो आता स्वतःच हसून "वीस" म्हणतो. खाली भात उभं असतं. पण ते पांढऱ्या वाणाचं असतं.

वकीलसाहेब, मी तुमचे पुष्कळ हात जोडलेले पाहिले, आज माझे समजा. कलमं मागाहून काढा. आधी अशिलाचं वाक्य पुरतं होऊ द्या. साक्षीदाराला तुमचा आकडा देऊ नका, त्याचा हिशेब त्याच्याच भाषेत मागा. आणि एकदा जोडे काढून या चिखलात उतरा. तुमचा अर्धा दिवस जाईल. न आलात तर काय जातं, ते सोनुबाईच्या रिकाम्या कणगीला विचारा.

पाऊस स्थिरावला की सोनुबाई सकाळी येते, पदर खोचून वाकते आणि दोन्ही हातांनी मला धरते, त्या दिवशी पाटावर उभं राहून धरलं होतं तस्संच.

"उठ रं बाबा," ती म्हणते. "झाली तुजी साक्ष. आता पान्याला जाऊ दे."